ताटाच्या कडेचं खवलं

पनवेल,
१३ जानेवारी २०२५

चि. एझरा यास आजीचे पोटभर आशीर्वाद. शालोम, वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू तोंडातल्या तोंडात बोलतोस, म्हणून पत्रच बरं. लिहून घेते आहे समोरच्या ब्लॉकमधली किशोरी. तीस वर्षं शाळेत बाई होती, तेव्हा शुद्धलेखन तिचं आणि वाकडं बोलणं माझं, असं समजून वाच.

परवा शनिवारी शब्बाथ सुटल्यावर तुझ्या बहिणीने, नोआने, आम्हा सगळ्यांना खारघरला जेवायला नेलं. तिला बढती मिळाली, त्याची पार्टी. मला वाटलं, डोसा-बिसा खाऊन नऊच्या आत घरी येऊ. तर निघालं जपानी हॉटेल. टेबलाला मधोमध भोक, भोकात शेगडी, शेगडीवर पातेलं आणि पातेल्यात भांडी विसळल्यासारखं पाणी. त्याला सूप म्हणायचं. कच्ची पानं, अळंबी, कोळंबी पलीकडून आपणच उचलून आणायची आणि आपणच शिजवायची. एझरा, साठ वर्षं मी चुलीसमोर उभी राहिले. एक दिवस बाहेर जेवायला नेलं, तर चूल माझ्यासमोर आणून ठेवली. वर दीड तासात उठायचं आणि पानात टाकलं तर दंड. लग्नाच्या पंगतीत पाठीमागे माणसं उभी राहतात, ती तरी ओळखीची असतात.

एका पातेल्यात सगळ्यांची कोळंबी, म्हणून मी हात बांधून बसले. पर आणि खवलं नसलेलं आपल्या धर्मात चालत नाही, ते या वयात तोंडात घालून मी वर काय उत्तर देऊ? कुणाला काही बोलले मात्र नाही. खायला दोन काड्या दिल्या होत्या, त्यांनी नोआसाठी दोन सुलट दोन उलट विणावं म्हटलं तर लोकर नव्हती.

दुसऱ्या बाजूला एक पट्टा फिरत होता. तुझी आत्या याएल इस्राएलला गेली तेव्हा विमानतळावर बॅगा फिरताना पाहिल्या होत्या, तशा ताटल्या फिरत होत्या. कुणी न उचललेली बॅग परत परत येते, तशी एक केविलवाणी ताटली माझ्यासमोरून चार वेळा गेली. शिळ्या आंबट भाताचा मुटका, त्याला काळा कागद गुंडाळलेला, तुझ्या बाबाच्या ऑफिसात कार्बन पेपर असायचा तसला. तुझी आई ओर्ली खाण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढत होती. तुझ्या बाबाने हिरवी चटणी दिसली म्हणून चमचाभर तोंडात टाकली. आपला शमुएल स्वतःचा बाप गेला तेव्हा रडला नाही, तो त्या चटणीला घळाघळा रडला.

मग न मागता माझ्यापुढे एक ताटली आली. आंबट भाताचे सहा मुटके, वर कच्च्या रावसाच्या चकत्या आणि कडेला कातडीचा नखाएवढा तुकडा, खवल्यांसकट. नोआ म्हणाली, सजावट असेल. मी सहाही खाल्ले. का खाल्ले ते विचारू नकोस, भूक लागली होती.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या डोक्यात हेच शिकायचं खूळ होतं, आठवतं? शुक्रवारी शब्बाथच्या जेवणात तू म्हणालास, नोकरी सोडतो आणि जपानी स्वयंपाक शिकतो. तेव्हा मी म्हटलं होतं की कच्चा मासा वाढायला माणूस कशाला, मांजर पाळा, तिला शिकवायलाही लागत नाही. सगळे काय हसले होते. बरं झालं, गेलास पुण्याच्या ऑफिसात. पण तिथे शुक्रवारची सुट्टी कधीच कशी मिळत नाही?

लोभ आहेच, तो आंबू देऊ नकोस.

तुझी आजी रूबी
(अंगठा किशोरीने घेतला नाही, म्हणते पत्राला लागत नाही)


पुणे,
२० जानेवारी २०२५

ती. रूबीआजीस एझराचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हसू आलं आणि थोडं लागलंही. इकडे ऑफिसात ठीक चाललं आहे, काम नेहमीचंच. सुट्टीचं बघतो.

एक विचारायचं होतं. तो भात गार होता का? आपल्या अंगाला जेवढी ऊब असते तेवढीच त्या भाताला हवी. गार असेल तर करणाऱ्याची चूक झाली. पण तो शिळा नसतो, आजी. त्याला सिरका, म्हणजे व्हिनेगर, लावलेला असतो आणि तो लावताना भात मोडू नये हे जमायलाच कित्येक महिने जातात, असं म्हणतात. मासा हातात मिळतो तो त्यानंतर. आणि रावस कच्चा असला तरी जुना नव्हता. त्याच पहाटे करंज्याच्या बंदरात बोटीतून उतरला होता, कल्ले लालभडक होते. सहाही खाल्लेस हे वाचून बरं वाटलं. चव कशी होती ते मात्र तू लिहिलं नाहीस.

मांजराचं वाक्य मला आठवतं. तुला ते वर्षातून एकदा आठवत असेल. मला रोज आठवतं.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्या चटणीला वासाबी म्हणतात. किशोरीकाकूंना तुझं बोलणं लिहून काढण्याबद्दल धन्यवाद.

तुझ्या मायेचा भुकेला,
एझरा


पनवेल,
२७ जानेवारी २०२५

चि. एझरा यास आजीचे आशीर्वाद, आणि कान जवळ असता तर पिळला असता. शालोम, वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता किशोरी मध्येच थांबली. म्हणाली, पुण्याच्या ऑफिसात बसून याला करंज्याच्या बोटीतल्या रावसाचे कल्ले कसे दिसले? मी तिला म्हटलं, तुला आज कळलं, मला त्या शनिवारीच कळलं होतं.

माझ्या सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्यांचं ताट मी वाढत असे. मासा कुठला हे त्यांना दिसायचं नाही आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणं तर स्वभावात नव्हतं. म्हणून मी ताटाच्या कडेला कातडीचा तुकडा ठेवायची, खवल्यांसकट. त्या बोटाने चाचपायच्या आणि मग घास घ्यायच्या. पुढे माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्याने धड दिसत नव्हतं, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तुला कुणी सांगितलं नव्हतं, पणजीचं ताट पाहिलं होतंस तेवढंच, तरी माझ्या ताटाच्या कडेला तू तुकडा ठेवलास. ही खूण आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. जपानच्या राजालासुद्धा नाही. त्या ताटलीला बोट लावलं आणि मी आतल्या दाराकडे पाहत बसले. तू बाहेर आला नाहीस.

घरी येऊन नोआला स्वयंपाकघरात गाठलं. तिने सगळं सांगितलं. सात महिने तू खारघरच्या बेलपाड्याला खोली घेऊन राहतोस आणि त्या हॉटेलात काम करतोस. माझी पत्रं पुण्याला जातात आणि तुझा तो मित्र स्वानंद ती तुला पाठवतो, तुझी तिथून टाकतो. म्हणजे माझं पत्र घाट चढतं, घाट उतरतं आणि रिक्षाने अर्ध्या तासावर येऊन पोचतं. पोस्टाची दया आली मला.

आता मांजराचं. ते वाक्य मी मागे घेत नाही, वाक्य चांगलं होतं. पण ते तुझ्यावर टाकायला नको होतं. तू अर्धं ताट टाकून उठलास तेव्हाही मी हसतच होते. किशोरी, हे असंच लिही, सुधारू नकोस.

तुझा बाप त्या दिवशी म्हणाला होता की दुसऱ्यांची उष्टी काढायला मी तुला वाढवलं नाही. तो कडक बोलला, मी विनोदी बोलले, आणि तू पळालास तो माझ्या बोलण्याला. तो मात्र दर शुक्रवारी तुझी खुर्ची बाहेर ओढून ठेवतो आणि जेवण झालं की परत आत सरकवतो. त्याला अजून काही ठाऊक नाही आणि मी सांगणारही नाही. ते तू कर. या शुक्रवारी रावस घेऊन ये. सूर्य मावळून शब्बाथ लागायच्या आत माझ्या ओट्यावर काप. आणि कातडीचा तुकडा या वेळी शमुएलच्या ताटाला ठेव. तो माझ्या त्याच सासूबाईंच्या मांडीवर वाढला आहे. त्याला ती खूण वाचता येते.

भात कोमट होता. बरोबर होता. त्याहून जास्त कौतुक माझ्या तोंडून काढायचं असेल तर आणखी दोन वर्षं शीक.

एकच शंका उरली. त्या सुरीने आधी कोळंबी कापली होती का? खरं सांग. खाऊन तर बसले आहे.

आपला प्रेषित एलियाहू हन्नाबी तुला दारापर्यंत आणून सोडो, पुढची चार पावलं तू चाल.

तुझी आजी रूबी

ता. क. हे पत्र पुण्याला पाठवत नाही. किशोरी स्वतः हॉटेलात आणून देईल. ती शाकाहारी आहे, तिला आत बोलावू नकोस, वास येतो म्हणते.


बेलपाडा,
२८ जानेवारी २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. किशोरीकाकू नाकाला पदर लावून उत्तरासाठी दारात उभ्या आहेत.

सुरी नवी होती, पाटही नवा. त्याच सकाळी आणले. त्यावर तुझ्या रावसाशिवाय काही कापलेलं नाही. दोन्ही कापडात बांधून ठेवले आहेत आणि दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून कापडावर रूबी असं लिहिलं आहे. मी दाराआडच उभा होतो. तू सहावा मुटका उचललास तोवर पाहिलं, मग पाहवलं नाही.

शुक्रवारी येतो. बाबांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटेल की नाही, माहीत नाही. सुरी आणि पाट आणतो आहे. ती हिरवी चटणी आणू की नको?

तुझा,
एझरा


पनवेल,
२९ जानेवारी २०२५

चि. एझरा यास आशीर्वाद.

आण. शमुएलला रडायला निमित्त लागतं.

आजी