पूजेतला पंखा

किन्हवली, खंडेनवमी.

सकाळी कोयते, विळे, पहार धुवून पूजेला मांडले. त्यांच्यातच माझ्या फौजेतल्या मुलाचं, दिलीपचं, प्लास्टिकचं हेलिकॉप्टर ठेवलं. मागच्या सुट्टीत खोक्यातले तुकडे चिकटवून त्यानंच बनवलं. असल्याच हेलिकॉप्टरातून मिलिटरीवाले त्याला डोंगरावरच्या चौकीत नेतात. पंख्याला हळदकुंकू लावलं.

सून हसली. "आई, ते काय हत्यार हाय?"

"गप गो. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कोण हात लावत नाय. बसू दे त्याला पण."

मनात होतं, हे बसलं तर ते खरंही उडणार नाय. दिलीप त्यात चढला की माझा जीव टांगलेला.

संध्याकाळी शेजारी त्याचा फोन आला. "आये, सुट्टी मिळाली, पण ढगामुळं हेलिकॉप्टर येत नाय. उतरायला दुसरी वाट नाय."

जेवून घे म्हटलं.

ढग काय माझं ऐकून आले? तरी घरी येऊन पाटावरून हेलिकॉप्टर उचललंच.

"आई, दसरा उद्या हाय."

"ठाऊक हाय मला."

पूजा मोडली तर मोडली. पंख्याचं कुंकू पदरानं पुसलं, बोटानं फिरवून बघितला. आता उजव्या हातानं हे लिहितेय आणि डाव्या हातानं पंखा फिरवतेय.