नर, मादी आणि चुकून लागलेला फर्मा

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (सध्या जेवढं वाकता येतं तेवढाच समजावा). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की तो आता घरचाच झाला? मी खुशाल आहे. उजवं मनगट मोडलंय, पण ते ओघात येईल, लगेच रडायला बसू नकोस.

छापखान्यात अकरा वर्षं मुद्रितं तपासून मी एकच शिकलो : ऱ्हस्व-दीर्घ बघावं, अर्थाच्या नादी लागू नये. (रसायनशास्त्राची चार पुस्तकं तपासली, तरी साबणाला फेस का येतो ते मला विचारू नकोस.) पण तीन महिन्यांपूर्वी एका प्राध्यापक नवरा-बायकोचं पुस्तक आलं आणि माझं व्रत मोडलं. विषय : माणसं जोडीदार कसा निवडतात आणि बाई-पुरुष वेगळे का वागतात. पहिला अर्धा नवऱ्याचा. त्याच्या मते सगळं लाखो वर्षांपासून रक्तातच आहे. नर मिरवतो, मादी पारखते. दुसरा अर्धा बायकोचा. तिच्या मते रक्ताचं एवढं कौतुक नको, माणूस वळण लावावं तसा वळतो. नवरा लिहितो, पुरुषाला समोरचा डबा दिसत नाही, कारण त्याचे पूर्वज शिकारीसाठी दूरवर बघायचे. बायको तळटीप देते की, डबा हातात आणून देणारं कुणीतरी जन्मभर घरात होतं म्हणून दिसत नाही. (ती तळटीप पानभर झाली होती. मी तिचेही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितले. नवरा-बायकोच्या मध्ये स्वल्पविराम घालायलासुद्धा जाऊ नये.)

आता खरं सांगतो. ताई, आमच्या बाइंडिंगच्या मुख्य बाई मला आवडतात. सगळे त्यांना 'टाचणी' म्हणतात, कारण बोलतात थोडं पण टोचतं बरोबर. तीन वर्षं आवडतात, आणि तीन वर्षांत मी त्यांच्याशी डिंक, दोरा आणि उशीर एवढ्याच विषयांवर बोललोय. चाळिशीला टेकलेल्या माणसाला चौथा विषय काढता येऊ नये याची लाज वाटते, पण येत नाही.

म्हणून पुस्तकाचे छापलेले सुटे फर्मे (सोळा-सोळा पानांच्या घड्या गं) घरी नेले आणि जन्मात पहिल्यांदा अर्थासाठी वाचायला बसलो. एका पानाच्या शेवटी होतं, 'स्त्रीचं मन जिंकू पाहणारा पुरुष सर्वांत आधी', आणि पुढच्या पानावर, 'निळ्या वस्तू गोळा करून तिच्या वाटेवर मांडतो आणि उंच जागी उभा राहून मान डोलावतो.' जरा चमत्कारिक वाटलं, पण प्राध्यापक लिहितात म्हणजे विचार करूनच. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी बाइंडिंगच्या टेबलावर बाटल्यांची निळी झाकणं, निळी रिबीन, शाईची रिकामी बाटली आणि माझा एक पायमोजा (जोडीचा सापडला नाही) मांडला आणि कागदाच्या रिमांच्या चळतीवर चढून उभा राहिलो. बाई आल्या. मी मान डोलावली. चळतही डोलली.

इस्पितळात त्यांनीच नेलं. गाडीत त्यांनी खडसावून विचारलं, तेव्हा सगळं सांगावं लागलं. "अहो, चौथ्या फर्म्यावर तुम्ही सातवा लावलात! ते पक्ष्याचं प्रकरण आहे," म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून खांदे हलेपर्यंत हसल्या. मनगट ठणकत होतं, पण ताई, एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता. तेव्हापासून त्या रोज संध्याकाळी विचारपूस करायला येतात. हे रक्तातलं की वळणातलं, ते पुस्तकात कुठेच सापडत नाही.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरी विनंती राहिलीच. सोमवारी प्लास्टर निघेल आणि त्यांचं येणं थांबेल. त्याआधी माझ्या वतीने तू त्यांना लग्नाचं विचारशील का? माझ्याच्याने होत नाही.

ता. क. २ : माझं अक्षर एवढं सुरेख कसं झालं, म्हणून बुचकळ्यात पडू नकोस. मी सांगतोय, बाई लिहून घेतायत.

ता. क. ३ : ताई, नमस्कार. हे माझं स्वतःचं. वरचं सगळं यांनी डोळे मिटून सांगितलं आणि मी एकही शब्द गाळलेला नाही, 'टाचणी'सुद्धा. तुम्ही विचारायचे कष्ट घेऊ नका, माझा होकार आहे. फक्त यांना इतक्यात कळवू नका. सोमवारपर्यंत मी समोर बसून वाट बघणार आहे, स्वतः तोंड उघडतात का ते. पाकीट मीच चिकटवतेय.