इंझोरीच्या पाण्यातले निळे धागे

इंझोरी, रविवार

चि. संघदीप, आत्या रत्नमालेचा जयभीम. तुझ्याकडून आलेल्या वस्तूंची पोच आधी देते, मग बाकीचं. काचेच्या बाटल्या तीन, त्यातली एक फुटलेली (पोस्टमन प्रेमसिंग म्हणतो, ती तुझ्या गोव्याच्या प्रयोगशाळेतूनच फुटून निघाली, त्याच्या हातून आजवर काही फुटलेलं नाही). चांदीच्या कागदाची गुंडाळी एक. सूचनांचं पान एक. आणि मागाहून निकालाचं पाकीट, तिकीट कमी लावलेलं, त्याचा दंड दहा रुपये मी भरला. मागत नाही, पण एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत तिकीट बघून लावणारं कोणी नसावं याचं वाईट वाटलं.

तुझा खोकला गेला का? आमच्या विनोदचे बाबा बरे आहेत, गुडघे सोडून. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर झाली, तुझ्यासाठी मंगलकामना वेगळी म्हटली. म्हणजे आमच्याकडून काही कमी पडलेलं नाही. तरी तुझ्या निकालापायी येत्या वीस तारखेला विहाराजवळच्या आपल्या विहिरीला कुलूप लागणार आहे. (मॅट्रिकपासून मी शुद्धच लिहिते, पण माणसांचं बोलणं त्यांच्या तोंडचंच लिहीन, नाहीतर ते खरं वाटत नाही.)

तुझं काम मी आळीत नीट समजावलं होतं. प्लास्टिक झिजतं, त्याचा डोळ्याला न दिसणारा चुरा पाण्यात उतरतो, तो किती हे पाच देशांचे लोक मिळून मोजतात, आणि त्यात आपली विहीर घेतली. केवढा मान. तुझ्या पानाबरहुकूम मी सगळं केलं. प्लास्टिकची बादली नको, म्हणून सासूबाईंची पितळी कळशी काढून चिंचेनं घासली. नायलॉनचा दोर नको, म्हणून सुती दोर मागून आणला. अंगावर सुती लुगडं. बांगड्यासुद्धा उतरवल्या, कारण आजकाल काचेच्या म्हणून काय विकतील याचा भरवसा नाही. उरलेल्या दोन्ही बाटल्या त्याच पाण्यानं तीनदा विसळल्या, भरल्या, चांदीच्या कागदानं झाकल्या. आळी बघायला उभी होती आणि गोजराबाई माझ्या ओट्यावर बसली होती.

ही गोजराबाई वरच्या आळीची. तिकडचं बोअर आटलं तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात ती अंधार पडल्यावर आपल्या विहिरीवर यायची. दुसऱ्या उन्हाळ्यात सुनेला पाठवायची. यंदा भर दुपारी स्वतः येऊन, कळशी भरून, ओट्यावर टेकून माझ्याच चहात साखर कमी म्हणायला लागली. तिच्यामागून तिकडच्या आणखी बायका येऊ लागल्या. हे कसं घडलं ते कोणी बोललं नाही. बोललं असतं तर घडलं नसतं.

निकाल विनोदनं ग्रामपंचायतीत वाचून दाखवला. नॉर्वे, जर्मनी, कोरिया, सगळ्यांच्या वर इंझोरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिला नंबर म्हणून. मग पहिला नंबर कशात, ते कळलं. सरपंच जानरावांनी विचारलं, बाकीचे देश काय करून राह्यले? विनोदनं निकालाच्या पानाची मागची बाजू वाचली. अमेरिकेनं तोंड धुवायच्या साबणातले प्लास्टिकचे बारीक मणी बंद केले, कोरियानंही केले. युरोपच्या देशांनी मिळून प्लास्टिकची सुटी चमकी विकायला बंदी आणली. फ्रान्सनं कपडे धुवायच्या नव्या मशिनींना धागे अडवणारी गाळणी लावायचा कायदा केला, पण गाळणी बसायची अजून वाटच आहे (म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच). अमेरिकेतलं कॅलिफोर्निया राज्य पिण्याच्या पाण्यात हा चुरा मोजा म्हणतं. आपल्याकडे एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले-चमचे बंद आहेत (कारंजाच्या बाजारात मागितले की खालून काढून देतात, इतपत बंद), आणि अन्नात किती चुरा आहे ते शोधायचं काम सरकारनं काही संस्थांकडे दिलं आहे.

जानराव म्हणाले, “मन्यांनं तोंड आमच्या इकडे कोनी धूत नाही. मंग इतकं आलं कुठून? अन् पास व्हायले किती लागते?” विनोदनं सांगितलं, पिण्याच्या पाण्यात किती चाललं हा आकडा अजून कोणत्याच देशानं ठरवलेला नाही, शिवाय प्रत्येकाची चाळणी वेगळी, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याशी नीट जुळत नाही. मला हे काही बरं वाटलं नाही. पस्तीस मार्कांना पास हे आधी ठरलेलं होतं, म्हणून मी मॅट्रिक झाले. ठरलेलं नसतं तर माझ्या वडिलांनी मला नापासच धरलं असतं.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग विनोदनं निकालाची तळची ओळ वाचली: बहुतेक धागे पॉलिस्टरचे, रंग निळा. विहिरीवर पिंपळ आहे, पिंपळाशेजारी आपला निळा झेंडा, तोही पॉलिस्टरचा, उन्हानं विरलेला. मागून कोणीतरी म्हणालं, झेंडाच झडून राह्यला पान्यात. जानराव माणूस वाईट नाही, पण घाबरलेला आहे. तो म्हणाला, “झेंड्याले मी हात लावत नाही. तुमीच दुसरीकडे न्या, नाही तं वीस तारखेच्या सभेत ठराव करून विहिरीले कुलूप लावतो. लेकरायचं पानी आहे.” आपली पोरं म्हणाली, झेंडा बोटभर हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई माझ्या दारावरून टँकरकडे गेली, कळशी कमरेवर आणि तोंड पलीकडे. आपल्या विहिरीचं पाणी खराब, हे ऐकायला सासूबाई नाहीत ते बरं. त्यांनी हेच शब्द दुसऱ्या कारणासाठी आयुष्यभर ऐकले होते.

परवा माठ भरायला घेतला, त्याच्या तोंडावर गाळणं बांधलं आणि माझा हात तिथेच थांबला. ते गाळणं म्हणजे माझं चौदा एप्रिलचं जुनं पातळ. निळं. पॉलिस्टरचं. नेसून विरलं तेव्हा फाडून चार पदरी केलं (घरात असताना नवं कापड कशाला आणायचं), आणि ते मी दगडावर आपटून धुते. बाटल्या विसळायचं आणि भरायचं पाणी मी त्यातूनच गाळलं होतं. मग काय तसंच भरायचं? वर पिंपळाची पानं, किडे. साध्या पाहुण्याला आपण न गाळता पाणी देत नाही, आणि हे तर पाच देशांपुढे जाणार होतं. तुझ्या पानात बादलीचं होतं, दोराचं होतं, अंगावरच्या कपड्याचंही होतं. गाळू नका असं कुठे होतं? नॉर्वेत कोणी गाळत नसेल. पण तू शाळाभर याच ओट्यावर गाळलेलं पाणी प्यालास. तुला आठवू नये?

तेव्हा असं कर. प्रयोगशाळेच्या कागदावर, शिक्क्यानिशी लिही की तुमच्याकडे बाटल्यांची अदलाबदल झाली, इंझोरीचा निकाल रद्द. मोबाइलवर पाठवू नको. मोबाइलवरची वाईट बातमी तेवढी इथे खरी धरतात. पातळाचा उल्लेख नको. दर शनिवारी महिला मंडळात स्वच्छतेवर मीच बोलते.

तुझी आत्या,
रत्नमाला

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी संध्याकाळची वंदना केली. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, जीभ अडली. मी कुठे खोटं बोलते, संघदीपकडून लिहवून घेते, असं मनाला सांगून पाहिलं. मनानं ऐकलं नाही. वरचा मजकूर खोडत नाही, कागद घाण होतो. तू फक्त तो मानू नको. पातळाचं स्पष्ट लिही, माझ्या नावासकट.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ. गोजराबाईच्या घरी जाऊन सगळं सांगून आले. ती म्हणाली, “तू गाळून राह्यली ते मले तवाच दिसलं होतं रत्नमाला. वाटलं, तशीच रीत असन.” मग पंचायतीत गप्प काहून राहिली, विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “गोष्ट झेंड्यावर गेली. मंग माह्यानं बोलवलं नाही.” आता वीस तारखेला ती उठून सांगणार आहे, पण तुझा कागद समोर असेल तर. म्हणून कागद त्याआधी पोचला पाहिजे, आणि सोबत एक रिकामी बाटली. या वेळी जानरावांसमोर गोजराबाई ती स्वतःच्या हातानं भरणार आहे. त्यातही निळे धागे निघाले तर मी सुती कापडाचा झेंडा शिवीन. जागा तीच राहील.

आणि हे पाणी न गाळता येईल. मनाला फार लागतं, पण येईल. एखादं पान, किडा दिसला तर बाकीच्या चार देशांना सांग, आमच्या आत्याकडे असं पाणी देत नाहीत. उलट टपाली कळव, तिकीट पुरतं लावून.