टेकडीवरची बटणं आणि होणारा जावई

प्रिय सारलीनाताईस,

धाकट्या अब्रामचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? केपटाऊनच्या दमट हवेत कुरकुरत असणार. भावजींचा खोकला गेला का, की नुसताच लपून बसलाय? इथे सगळे ठीक आहेत, निदान तसं म्हणतात तरी. तुझी भावजय मिटा बरी आहे. शेळ्याही बऱ्या आहेत. (त्यातली एक जरा जास्तच बरी दिसते. तिनं कुणाच्या परसात काय खाल्लं, त्याचा तपास चालू आहे.)

आमच्या दोरथियाचं लग्न ठरलं, ही आनंदाची बातमी. ते कसं ठरलं ते मात्र माझ्याच तोंडून ऐक, कारण मिटा फोनवर सांगेल ते सगळं माझ्यावर उलटवून सांगेल.

आपली ती पांढऱ्या गारगोट्यांची टेकडी तुला आठवतच असेल. तिथल्या बटणांवरून उड्या मारत आपण शाळेत जायचो. नखाएवढी ती झाडं, उन्हाळाभर कागदासारख्या सालीत झोपलेली, पावसाची चाहूल लागली की टम्म फुगणारी. आता म्हणे परदेशात लोक ती खिडकीत मांडून ठेवतात, आणि त्यापायी इथे गाड्या येतात नि पोत्यांनी भरून नेतात. पलीकडच्या खोऱ्यात औषधालासुद्धा एक बटण उरलेलं नाही. ताई, जे झाड अंगठ्याएवढं व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य घेतं, ते उपटायला एक चमचा पुरतो. म्हणून निसर्गखात्यानं गावोगावी राखणदार नेमले. मला हिरवी टोपी आणि शिट्टी मिळाली. पगार नाही, पण कुणावरही संशय घ्यायचा अधिकार मिळाला. ("तो तुम्ही आईच्या पोटातूनच घेऊन आलात," इति मिटा.)

अशात अपिंग्टनहून एल्रिको आला. दोरथियाची नि त्याची ओळख द्राक्षांच्या हंगामात झालेली, पण आमच्या गावात पाऊल पहिल्यांदाच. उंच, नम्र, केस चापून बसवलेले. मला सगळ्यात आधी खटकला तो त्याचा नम्रपणा. मेंढीच्या शेपटीची चरबी ताटात वाढली तर "मामा, पोट भरलं," म्हणाला. चरबी नको म्हणणारा माणूस पोटात काहीतरी दडवून असतो, हे माझं जुनं मत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा अर्धाच टाकून तो एकटा टेकडीवर गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि जाताना मिटाचा चमचा घेऊन गेला. चमचा, ताई! मी मिटाला म्हटलं, "बघ, जावई नाही, चोर आणलाय पोरीनं." ती म्हणाली, "चोर असता तर चांगला चमचा नेला नसता का? तो वाकडा आहे."

मी टोपी घातली आणि त्याच्या मागावर निघालो. लपायला कोकरबूमचं एकच झाड होतं, आणि ते मनानं मोठं असलं तरी अंगानं माझ्याहून बारीक निघालं. तिथून पाहिलं तर हा पठ्ठ्या गुडघ्यांवर बसून बटणांच्या मधली वाळू चमच्यानं हळूहळू उकरतोय! मी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली. आता, मिटा शेळ्यांना शिट्टी वाजवूनच घरी बोलावते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हतं. अख्खा कळप खिंडीतून माझ्याकडे धावत सुटला, आणि थेट बटणांच्या दिशेनं! मी आडवा झालो (म्हणजे एका शेळीनं केलं), आणि एल्रिको दोन्ही हात पसरून, ओरडत, एकटा कळपासमोर उभा राहिला नि त्यानं तो वळवला. मला तेव्हा वाटलं, बघा, माल कसा जपतोय.

सार्जंट मोसेसबाईंना मी आधीच फोन केलेला होता. त्या आल्या, मागोमाग दोरथिया नि मिटा. बाईंनी त्याचे खिसे उलटे केले. निघाला वाकडा चमचा, आणि एक मखमली डबी. रिकामी.

"विकला माल!" मी ओरडलो.

एल्रिकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, त्यात अंगठी होती. मी इथे येऊन तिला विचारायचं कसं त्याचा सराव करत होतो. डबी उघडताना ती निसटून वाळूत पडली."

दोरथिया म्हणाली, "पप्पा, ती शिट्टी द्या इकडे." आणि त्याच्याकडे वळून, "आणि तू विचार आता. सराव पुरे झाला."

त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. मग आम्ही सगळे बूट काढून, पोटावर सरपटत अंगठी शोधू लागलो. (एकाही बटणावर कोपर पडता कामा नये, हा माझा हुकूम. तेवढा सगळ्यांनी मानला.) सार्जंटबाईंनाच ती सापडली, एका बटणावर टोपीसारखी बसलेली.

पण सरपटता सरपटता मला दुसरंच काही दिसलं. वरच्या अंगाला, दोन मोठ्या दगडांच्या मागे, जिथे सगळ्यात म्हातारी बटणं होती, तिथे नुसते खड्डे. एकाशेजारी एक. ताई, तोवर मला हसू आवरत नव्हतं, ते पार गेलं. बाईंनी एल्रिकोकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही, हा नाही. खड्ड्यांच्या कडा वाळून कडक झाल्यात, आत वारा धूळ भरून गेलाय. हा येण्याच्या कितीतरी आधीचे आहेत." पोरानं माझा हात धरला. मीही सोडवून घेतला नाही. लगेच तरी नाही.

लग्न फुलांच्या दिवसांत आहे. सगळ्यांनी यायचं.

तुझा,
अब्राम

ता. क. वरचं पत्र भावजींना वाचून दाखव, हे दाखवू नकोस. दगडांमागची ती जागा मी आजवर एकालाच दाखवली, ईस्टरला, तुझ्या जेरेमियाला, मोठ्या हौसेनं. जाताना त्याच्या गाडीत बुटांचे खोके होते, झाकणांना भोकं पाडलेली. म्हणाला, "मामा, कोंबडीची पिल्लं आहेत." मी म्हटलं, "चिवचिवत कशी नाहीत रे?" तर म्हणाला, "झोपलीत." आणि मी, पाद्रीबुवांनी 'शुभ सकाळ' म्हटलं तरी आधी आभाळाकडे बघून खात्री करणारा माणूस, पिल्लांना वाटेत घालायला मूठभर कणी बांधून दिली! त्याचं कारखान्यातलं काम सुटलंय हे मला माहीत आहे. मी रागावणार नाही. खोके अजून घरात असतील तर त्यांना पाणी घालू देऊ नकोस, कुजतील. त्याला या आठवड्यातच बसनं पाठव, खोके मांडीवर घेऊन. मोठा पाऊस येण्याआधी परत लावली तर धरतील. आम्ही दोघं मिळून लावू.

आणखी एक. सार्जंटबाईंनी विचारलं, ही जागा अजून कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, मला आणि शेळ्यांना. मी कुणाचंच नाव घेत नाही असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हापासून त्या माझ्याकडे फार संशयानं बघतात.