राणीचा दगा

५ मार्च
घरी क्रेफिश आणली, झिंग्याची जाडजूड बहीणच; काचेच्या टाकीत ठेवली. परदेशी, नक्षीदार पाठ, दोन नांग्या. दुकानदार म्हणाला, मादी आहे, एकटीच राहते, काही त्रास नाही. नाव ठेवलं राणी. उकडलेलं गाजर माझ्या हातून खाते. ही म्हणाली, माझ्या हातचं कधी एवढ्या आवडीने खाल्लं नाहीत. दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल
राणीला पिल्लं! ढिगाने! टाकीत दुसरं कुणी नाही, मग कुणापासून? राणी, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

३ एप्रिल
दुकानदार म्हणतो, या जातीला नर लागतच नाही. मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? ही म्हणते, टाकी किंवा मी.

४ एप्रिल, पहाटे
सगळ्यांना कालव्यात सोडलं. एवढा मोठा कालवा, काय फरक पडतो! पुन्हा भेटलीच तर ओळखता यावी म्हणून राणीच्या पाठीवर हिचं जांभळं नेलपॉलिश लावलं. डोळे भरून आले. घरी ही बाटली शोधत होती. म्हणालो, मला काय माहीत.

१८ ऑगस्ट
आमच्या गळप्रेमी मंडळावर संकट. कालव्यात मासे कमी, क्रेफिश बेसुमार. माशांची अंडी फस्त, काठाला बिळं. बैठकीत एकच प्रश्न: हे कुणी सोडले? मी मेहुण्याकडे बघितलं. त्याच्याकडे काचेची टाकी आहे, एवढंच म्हणालो. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१९ ऑगस्ट
मंडळाने मेहुण्याला काढलं. लहानपणापासून त्याला गळाशिवाय दुसरा नाद नाही, म्हणून ही रडली. माझ्या भावाने असं काही केलंच नाही, म्हणते. माझ्यावर क्रेफिश निर्मूलन मोहीम सोपवली. पुढच्या वर्षी अध्यक्षपद नक्की. मग मेहुण्याला सन्मानाने परत घेईन. मी मनाचा मोठा आहे.

२ सप्टेंबर
कुणाच्याच सापळ्यात काही येईना. अडाणी लोक. उद्या माझी खास युक्ती: उकडलेलं गाजर. हे गुपित मला एकट्यालाच ठाऊक.

३ सप्टेंबर
सगळं मंडळ काठावर. ही आणि मेहुणाही आलेले. सापळा गच्च भरून वर आला. टाळ्या! सगळ्यांत वर एक धिप्पाड मादी, पाठीवर जांभळा ठिपका. थोडा उडालेला, पण तोच. माझ्या तोंडून निघून गेलं, "राणी!"
टाळ्या थांबल्या. ही वाकून बघत म्हणाली, हे तर माझं नेलपॉलिश. चारचौघांत! सख्ख्या बायकोने! मेहुण्याने राणीसाठी बादली पुढे केली, हे तर फारच लागलं. राणीला उचलायला गेलो तर बोटाला कडकडून चावली. अख्खा कालवा मोकळा होता, तरी माझ्याच सापळ्यात आली. एका गाजरासाठी.

५ सप्टेंबर
मंडळाने मला काढलं. मेहुण्याला परत घेतलं, वर अध्यक्ष केलं. ही त्याच्याकडे राहायला गेली. सगळ्यांनी दगा दिला. असू दे. एकटं राहून राणीने केवढा पसारा वाढवला! मीही दाखवून देईन. सुरुवात चहापासून.
दूध उतू गेलं.