भासावर भास

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. उत्तराला उशीर झाला, म्हणून सुरुवातीलाच माफी मागते. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. टेबलावर ह्यांनी नळाचे सुटे भाग पसरून ठेवलेत, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहितेय.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, मोजे मिळाले. या वेळी दोन्ही एकाच मापाचे आहेत, म्हणजे प्रगती आहे. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कामाचा डोंगर आहे, पण मी जरा सुट्टी घेतलीय. विशेष काही नाही, कंटाळा आला होता.

परवा ह्यांनी पुन्हा विचारलं, की तुम्ही भावंडं या वयात पत्रांतून नक्की काय खेळता? म्हटलं, दादा गोष्ट सांगतो, माझं पात्र काय करतं ते मी सांगते, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. तर म्हणाले, "मग जिंकतं कोण?" म्हटलं, कुणीच नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषयच सोडला.

आता खेळ. आपल्या टोळीतल्या वैद्याला तू दरीत ढकललंस, त्याबद्दल तुला माफ केलेलं नाही. आता उरलंय कोण? माझी मायाविनी, जिला धूर, सावल्या आणि खोटे आवाज यापलीकडे काही येत नाही. आणि तो म्हातारा नावाडी, ज्याचा उजवा हात नदीतल्या राक्षसाने तोडून नेला.

तर माझा डाव असा. नावाड्याची जखम भरलीय. वर कातडी आलीय, कोरडी आहे. तरी तो रडकुंडीला येतो, कारण जो हात नाहीच त्याची मूठ आवळलेली आहे. नखं तळव्यात रुततात. उघडावी म्हटलं तर उघडायला तिथे काही नाही. त्यापायी त्याला झोप नाही, धडक्या हाताने वल्हंसुद्धा धरवत नाही, आणि समोर येईल त्याच्यावर तो खेकसतो. नदी पार करायची तर नाव त्यानेच हाकायला हवी.

माझी मायाविनी त्याच्या मनगटापुढे हाताचा भास उभा करते. केस, सुरकुत्या, अंगठ्याजवळचा जुना व्रण, सगळं हुबेहूब. आणि मग तो भासातला हात हळूहळू उघडते.

याने त्याचं दुखणं जाईल का? की ही नुसती फसवणूक झाली? नियमाप्रमाणे सांग. धाकटी म्हणून सूट नको. नाही असेल तर सरळ नाही म्हण, मी रुसणार नाही. फक्त उत्तर जरा लवकर पाठव.

आईला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी
ठमी


दि. १७ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

वैद्याला मी ढकललेलं नाही. त्याच्या फाशावर एक पडला, त्याला मी काय करणार? उगाच माझ्यावर आळ घेऊ नकोस.

खेळाच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट आहे: भासाने गेलेले प्राण परत येत नाहीत, मोडलेलं हाड जुळत नाही, तुटलेला अवयव उगवत नाही. म्हणजे नाही. मी तसं लिहूनही टाकलं होतं. मग तुझा डाव पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की तू पक्की लबाड आहेस. तू हात मागितलेलाच नाहीस. जखम भरलीय हे तूच सांगतेस. तक्रार आहे ती मुठीची. आणि ती मूठ आहे कुठे? नावाड्याला ती जाणवते, पण ती दिसत नाही, धरता येत नाही. खेळाच्या भाषेत तोही एक भासच झाला, फक्त तो कुणी केलेला नाही. आणि भासावर भास चालतो, तसा नियम आहे. तेव्हा मान्य.

मात्र नावाड्याला फसवायचं नाही. चोरून केलेला भास त्याने ओळखला की फुटेल, आणि तो संशयी म्हातारा आहे, ओळखणारच. त्याला आधी सांग की हा भास आहे. ते ऐकूनही तो आपण होऊन बघायला तयार झाला, तर फासासुद्धा टाकायला नको. राजीखुशीने घेतलेला मंत्र लागतोच. त्याला मुदत मात्र असते. ती संपली की पुन्हा करावा लागेल.

माहीत असलेला भास लागेल कसा, असं विचारशील. वैद्य दरीत पडला तेव्हा तू रडलीस की नाही? तुझ्या पत्रावर डाग आहेत. तो वैद्य आपणच रचलाय हे तुला ठाऊक नव्हतं?

इथवर लिहून पाकीट चिकटवणार होतो. तेवढ्यात आई म्हणाली, ठमीचं पत्र बघू. कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, हे रडल्याचे डाग नाहीत. लिहिताना मागून हात फिरलाय शाईवरून. आणि अक्षरं उलट्या बाजूला झुकलीत. हे डाव्या हाताचं आहे."

ठमे, नसलेली मूठ आवळते असं खेळाच्या पुस्तकात कुठेही नाही. हे तुला कुणी सांगितलं?

काय झालंय ते लिही. वरचा निर्णय मात्र बदलणार नाही. तो मी काहीही माहीत नसताना दिलाय.

दादा


दि. २६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आईला सांग, तिच्यापुढे मायाविनीने हात टेकले. म्हणजे एकच टेकला. बघ, विनोद करता येतोय, तेव्हा आधी खुर्चीत नीट बस आणि मग पुढे वाच. आईलाही बसव.

थंडी सुरू होतानाची गोष्ट. कटिंग मशीनवर कागदाची थप्पी सरळ करत होते आणि पातं खाली आलं. चूक माझी की मशीनची, यावर कारखान्यात अजून वाद चालतो, मला त्यात रस नाही. उजवा हात मनगटाच्या वरून गेला. जखम छान भरली. डॉक्टर खूश. मी सोडून सगळेच खूश.

तुला का कळवलं नाही? कारण इथे सगळे माझ्याशी गोड वागायला लागले होते. हे पत्त्यांत मुद्दाम हरतात. हुकमाचा एक्का हातात धरून "माझ्याकडे पान नाही" म्हणतात! शेजारीण म्हणते, "काही कळतसुद्धा नाही गं," आणि माझ्या बाहीकडे बघायचं टाळते. मालक खुर्चीवरून उठून उभे राहतात, जसं काही मीच त्यांची मालकीण. दादा, मला अजून दरीत ढकलणारा जगात एकच माणूस उरला होता. तो मला गमवायचा नव्हता. तुला कळलं असतं तर तू वैद्याला झाडाच्या फांदीवर अडकवून वाचवलं असतंस, आणि मग माझ्याकडे काहीच खरं राहिलं नसतं.

मुठीबद्दल नावाड्याच्या नावाखाली सगळं सांगून टाकलंय, पुन्हा लिहीत नाही. खेकसण्याबद्दलही. ह्यांनी फार सोसलंय.

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी एक बाई आहे. ठेंगणी, सारखी घाईत, चष्मा कायम कपाळावर. तिने एक खोकं पुढे ठेवलं, मधोमध आरसा बसवलेलं. म्हणाली, तुटका हात आरशामागे ठेवा, चांगला पुढे, आणि आरशात बघत चांगला हलवा. डोक्याला वाटेल दोन्ही आहेत.

मी विचारलं, "म्हणजे मला उल्लू बनवणार?"

"हो, थोडंसं," ती म्हणाली.

मी तडक उठून घरी आले. घरात पत्ते खोटे, शेजारीण खोटी, त्यात आता आरशाची भर! पण घरी येऊन बघते तर मूठ आवळलेलीच. त्याच संध्याकाळी तुला ते पत्र लिहिलं. टेबल रिकामं होतं. नळाचे भाग वगैरे सगळी थाप. तू नाही म्हणाला असतास, तर मी त्या खोक्याचं नाव काढलं नसतं. दया न करता उत्तर देणारा दुसरा कोणी मला ठाऊक नव्हता.

तुझं उत्तर घेऊन दवाखान्यात गेले आणि त्या बाईला निर्णय वाचून दाखवला. तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, स्वतः पुन्हा वाचला आणि विचारलं, "तुमचे दादा डॉक्टर आहेत का?"

"नाही, विमा कंपनीत आहेत."

"मग बरोबर. अटी घातल्याशिवाय काही मान्यच करायचे नाहीत," ती म्हणाली आणि खोकं ओढून माझ्यासमोर ठेवलं. "हा भास आहे. बघणार का?"

म्हटलं, "बघते."

आधी हसूच फुटलं. आरशातल्या उजव्या मनगटावर माझ्या डाव्या मनगटाचा तीळ! इतका गबाळा भास मी खेळात केला असता तर तू पानभर शंका काढल्या असत्यास. मी बाईला म्हटलं, "हा माझा हात नाही." ती म्हणाली, "नाहीच. तरी बघा."

डावी मूठ आवळली. आरशातली आवळली. मागची तर आवळलेलीच होती. मग डावी हळूहळू उघडत गेले, आरशातली उघडत गेली, आणि दादा, मागची, जी नाहीच, तीसुद्धा उघडली. आधी करंगळी, मग एकेक बोट. नखं तळव्यातून सुटली. तळव्याला वारा लागल्यासारखं वाटलं. मी तिथेच हंबरडा फोडला. बाहेर बाकावर बसलेले हे धावत आत आले आणि त्या बिचारीवरच ओरडले, "काय केलंत तिला?"

मी म्हटलं, "ओरडू नका. उघडली."

त्यांनी कसली मूठ, कुठली मूठ, काही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. रात्रंदिवस शेजारी राहणाऱ्या माणसाला कळतंच, मी उगाच समजत होते की कळत नाही.

मूठ परत येते, खोटं सांगत नाही. तू म्हणालास तशी मुदत संपते. मग पुन्हा आरसा काढते. ह्यांनी घरी तसंच एक खोकं बनवलंय, कडा थोड्या वाकड्या आहेत, पण चालतं. कधी लगेच उघडते, कधी अजिबात नाही. पण आता आवळली तरी मी घाबरत नाही, कारण ती उघडते हे मी बघितलंय.

काल पत्ते काढले तेव्हा ह्यांना बजावलं, खरं खेळायचं नसेल तर उठा. त्यांनी मला सपशेल हरवलं आणि वर चिडवलं. मी इतकी भांडले की शेजारीण दारात आली. फार दिवसांनी बरं वाटलं.

सोमवारपासून कारखान्यात जातेय. मशीनवर नाही, हाताने पुस्तकं शिवायला. मालक चाचरत म्हणाले, "एका हाताने कसं जमेल?" म्हटलं, कागद धरायला शिकंजा आहे, सुई धरायला मी आहे. वेळ लागेल. लागू दे. आणि उभं राहायचं बंद करा, मी काही तपासणीला आलेली नाही.

आईला घेऊन ये. ती रडेल, रडू दे, मग मला डाव्या हाताने अक्षर काढायचे धडे द्यायला तिला बसव, तिचा वेळ जाईल. मोजे आणू नका, फासे आण. आणि वैद्य मेला असेल तर मेलेलाच राहू दे. माझ्यावर उपकार म्हणून त्याला उठवलंस तर खबरदार. आम्ही त्याच्याशिवाय निघतोय. नावाड्याने नाव पाण्यात लोटलीय, वल्हं त्याच्या हातात आहे.

दोन्ही मुठी उघड्या ठेवून,

तुझी
ठमी