पहिल्या तोड्याची पेटी

२ डिसें., पांढुर्णा
सकाळीच दिल्लीच्या संस्थेतल्या मॅडमचा फोन. विदेशी गुंतवणूकदारांसाठी देशाचा अहवाल चाललाय : लाच, काळा पैसा, कुठे किती धोका. आपला पट्टा माझ्याकडे, कारण कुणाला तरी सौंसरजवळ संत्र्याच्या रसाचा कारखाना काढायचाय. एक ते पाच अंक द्यायचे. पाच म्हणजे लांब राहा. मुदत पंधरा तारीख. माझं कंत्राटही याच महिन्यात संपतं. कंटाळा आलाय या कामाचा, पण घर त्यावरच चालतं.

४ डिसें.
सौंसर, मग लोधीखेडा. लाच द्यावी लागते का विचारलं की सगळे 'नाही'. चहा येतो, मग खरं बाहेर पडतं. एक बागाईतदार : "लाच काहून देऊ बाई? पहिल्या तोड्याची संत्र्याची पेटी पोचवतो फकत. सायबाले, डाक्टरले, मास्तरले. आपल्या इकडे असंच रायते." तक्त्यात पेटीला रकाना नाही. परतीची बस उशिरा. पाय दुखून आले.

५ डिसें.
बाबांना विचारलं. जन्मभर सरकारी कचेरीत बाबू. हिवाळ्यात आमच्याकडे संत्री कधी विकत आली नाहीत. म्हणाले, "म्या कोनाले मांगतलं नाही. पन ज्याची पेटी ये, त्याची फाईल वर राहे. हे खरं आहे." इतकं सरळ, की मलाच लाज वाटली. लिहून घेतलं : 'निवृत्त कर्मचारी, नाव गुप्त.'

८ डिसें.
घात झाला. बाबांनी चौकात सांगितलं, तेही अभिमानानं : "आमची पोरगी सौंसरले नंबर देऊन राहिली. चांगला देला तं कारखाना येते." दुपारी दारात दोन पेट्या. संध्याकाळपर्यंत पाच. आधी हसू आलं. मग रडू.

९ डिसें.
पेट्या परत करायला निघाले तर बाबा दारात आडवे. "पेटी वापस करनं म्हंजे त्याच्या तोंडावर थुकनं आहे." खूप भांडलो. चार पेट्या ऑटोत घालून स्वतः नेऊन दिल्या. एकानं तोंड फिरवलं. पाचवी कुणाची ते कळेना, आणि मी येईपर्यंत बाबांनी ती फोडलीही होती.

११ डिसें.
कळलं. ज्याच्या जमिनीवर कारखाना येणार, त्याची. बाबांना पहिल्यापासून माहीत होतं. अर्धी शेजारीपाजारी वाटली. उरलेली माझ्यासमोर बसून सोलतात. बोलणं बंद.

१४ डिसें.
अहवाल झाला. अंक चार. शेवटच्या पानावर एक प्रश्न, आजवर न वाचताच 'नाही' लिहीत आले : या कामात तुम्ही किंवा घरच्यांनी कुणाकडून काही स्वीकारलं का?
'हो' लिहिलं तर कंत्राट गेलं. 'नाही' लिहिलं तर त्या 'चार'मध्ये मीही आले.
बाबांना वाचून दाखवलं. हातातलं संत्रं तसंच खाली ठेवलं. मग : "'घरच्यांनी' असं मोघम नोको लिहू. माहं पुरं नाव लिही. इतक्या वर्सांत मले कोनं इचारलंच नाही."
दोनदा नाव टाईप केलं, दोनदा पुसलं. उद्या पाठवायचंय.